बार्शी लाईटच्या वाटेवर

कुरुंदवाडला रेल्वे कधीच आली नाही. मिरज-कोल्हापूर मीटरगेज मार्ग १८९१ साली सुरू झाला, तो जयसिंगपूर-हातकणंगल्याच्या बाजूने निघून गेला. कृष्णा-पंचगंगेच्या कुशीतलं हे पटवर्धनांचं संस्थानी गाव त्या मार्गाच्या दक्षिणेला राहिलं. नदी होती, घाट होता, दूधदुभतं मुबलक होतं आणि आगगाडीसाठी मात्र मिरज गाठावी लागे. त्यामुळे कुरुंदवाडच्या माणसाच्या मनातली आगगाडी बहुतेक मिरजेचीच असते. आणि मिरजेची आठवण निघाली की जुनी माणसं पुण्या-मुंबईच्या गाडीआधी एका लहानशा गाडीचं नाव घेतात: बार्शी लाईट. पंढरीला नेणारी गाडी.

या गाडीचं इंजिन कुठून आलं, ते तसंच का बनवलं, आणि एका इंग्रज माणसाच्या डोक्यातल्या गणितामुळे आपल्या दुष्काळी मुलखात सव्वातीनशे किलोमीटरची रेल्वे कशी उभी राहिली, हे मनात घेऊन मी कुरुंदवाडहून निघालो. जायचं होतं कुर्डुवाडीला, म्हणजे जिथून ही रेल्वे सुरू झाली तिथे. वाट मिरज-पंढरपूरचीच धरायची, हे ठरलेलं होतं.

कुरुंदवाडची एसटी पंचगंगेचा पूल ओलांडून नृसिंहवाडीत शिरते. दत्ताच्या देवळाकडे जाणारी पेढे, बासुंदी आणि कवठाच्या बर्फीची दुकानं सकाळीच उघडलेली असतात. पुढे शिरोळ. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच वीटभट्ट्या, पुराची उंची सांगणाऱ्या भिंतींवरच्या खुणा. अर्जुनवाडजवळ गाडी कृष्णेवर येते आणि पलीकडे मिरजेचा कृष्णाघाट दिसतो. हेच पाणी खाली वाहत नृसिंहवाडीला पंचगंगेला मिळतं. या प्रवासात पाण्याकडे लक्ष ठेवायला हवं, कारण वाफेच्या इंजिनाची गोष्ट कोळशाइतकीच पाण्याचीही असते आणि मिरजेच्या पूर्वेला गेलं की पाणी झपाट्याने कमी होतं.

मिरज जंक्शनचं भाग्य वेगळंच. देशातल्या मोजक्या स्थानकांत तिन्ही रुंदीचे रूळ एकत्र नांदले, त्यांतलं हे एक. १६७६ मिलिमीटरचं ब्रॉडगेज, एक मीटरचं मीटरगेज आणि ७६२ मिलिमीटरचं, म्हणजे अडीच फुटांचं नॅरोगेज. पुण्याकडून ब्रॉडगेज आली ती १९७० च्या सुमारास. बेळगाव-हुबळीकडे मीटरगेज त्यानंतरही वीसेक वर्षं चालू होती. आणि नॅरोगेज पंढरपूरला जात होती ती २०१० च्या आसपासपर्यंत. एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर गेलं की रुळांचीच नव्हे, डब्यांची, शिट्टीची, वेगाचीही जात बदलायची. आता सगळं एकाच मापाचं झालं आहे. जुन्या नॅरोगेज यार्डाचा मागमूस नवख्या माणसाला लागत नाही, आणि हे सारं इथे होतं हे सांगणारा एक साधा फलकही मला फलाटावर दिसला नाही. तो असायला हवा. एका गावच्या स्थानकावर रेल्वेचा इतका इतिहास जमा झालेला असताना प्रवाशाला तो कळू नये, हे बरं नाही.

मिरजेहून पंढरपूरकडे निघालेल्या गाडीत खिडकी मिळाली. वर विजेची तार, खाली जाड रूळ. गाडी आरगच्या दिशेने वळली तशी उसाची हिरवाई विरळ झाली.

आता त्या इंग्रज माणसाकडे वळू. एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप. जन्म १८५७, इंग्लंडमधला. तिथल्या इंजिन कारखान्यांत आणि रेल्वे कंपन्यांत शिकून तो १८८२ साली भारतात आला तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत, म्हणजे आपल्या जीआयपीत, लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून. जीआयपीचा मुंबई-रायचूर मार्ग सोलापूरवरून गेला होता. पण कापूस आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ असलेली बार्शी त्या मार्गापासून तीसपस्तीस किलोमीटर आत राहिली होती. जवळच्या स्थानकाला नावही ‘बार्शी रोड’ असंच होतं. तेच आजचं कुर्डुवाडी. माल बैलगाडीने तिथवर यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यात चाकं रुतली की माल तिथेच.

कॅल्थ्रॉपने या भागाची पाहणी केली. परवानग्या मिळवण्यात बरीच वर्षं गेली, १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदली गेली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली.

अरुंद रुळांची रेल्वे जगात आधीही होती. पण ती बहुधा खाणीतली, बागेतली किंवा डोंगरातली. माल थोडा, इंजिन छोटं, आणि मोठ्या रेल्वेच्या लोकांना तिच्याबद्दल फारसा आदर नसे. कॅल्थ्रॉपचा मुद्दा असा होता की रूळ अरुंद असले म्हणून रेल्वे किरकोळ ठरत नाही. खर्च वाढवते ती रुळाची जाडी, भरावाची रुंदी, पुलाची ताकद. या तिन्ही गोष्टी एका आकड्यावर अवलंबून असतात: एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती वजन येतं. त्याने तो आकडा पाच टनांवर बांधला. इंजिन असो, मालडबा असो, प्रवासी डबा असो, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नाही. मग एका यार्डाला तीस पौंड, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलो वजनाचा हलका रूळ पुरतो. आज ब्रॉडगेजवर मीटरला ५२ किंवा ६० किलोचे रूळ असतात, यावरून अंदाज यावा.

हे म्हणायला सोपं. पण इंजिनाला ताकद हवी तर वजन हवं, नाहीतर चाकं रुळावर घसरतात. तीन आसांचं साधं इंजिन या नियमात पंधरा टनांवर थांबलं असतं आणि चढाला हात टेकले असते. लीड्सच्या किट्सन कंपनीने कॅल्थ्रॉपसाठी जी पाच इंजिनं बांधली, ती बार्शी लाईटचा ‘ए’ वर्ग. त्यांचं उत्तर त्यांच्या चाकांतच होतं. रेल्वेच्या भाषेत ही रचना शून्य-आठ-चार अशी सांगतात: पुढे भार पेलणारी छोटी चाकं नाहीत, मध्ये एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आठ चाकं, आणि मागे चार चाकांची बोगी. टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा जोडडबा, वेगळा नाही. पाण्याच्या टाक्या इंजिनाच्याच अंगावर. सहा आस, प्रत्येकी पाच टनांपर्यंत, म्हणजे तीस टनांच्या आतबाहेरचं इंजिन, आणि त्यातलं वीसेक टन वजन ओढणाऱ्या चाकांवर. जड ओझं अनेकांनी मिळून उचलावं, असं हे साधं गणित. पण ते गणित लोखंडात उतरवणं हीच किट्सनची करामत. अडीच फुटांच्या रुळांवर आठ जोडलेली चाकं घेऊन वळणं घेणारं इंजिन बांधणं हे त्या काळी धाडसच होतं.

डबेही त्याच हिशेबाचे. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी, त्यामुळे डब्याचं स्वतःचं वजन कमी आणि मालाला जागा जास्त. दोन टोकांना चार-चार चाकांच्या बोग्या, म्हणजे भार चार आसांवर सारखा वाटलेला. भरलेला मालडबा आणि इंजिन, दोघांचाही आसावरचा भार जवळजवळ सारखा. रुळाची जी ताकद विकत घेतली, तिचा प्रत्येक पैसा वसूल. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून इंजिनाची आणि डब्यांची चाचणी घेतली, इंजिनिअर मंडळींना बोलावून दाखवलं. बार्शीच्या कापसासाठी बनलेली गाडी अशी पहिल्यांदा धावली ती यॉर्कशायरमध्ये.

बेळंकीला एक आजी शेजारी येऊन बसल्या. पंढरपूरला चालल्या होत्या. ‘आजी, जुन्या गाडीनं गेला होता का कधी?’ असं विचारलं तर म्हणाल्या, ‘लई येळा. चढाला हळू व्हायची बघ. पोरं उतरून पळायची सोबतीनं.’ असं चालत्या गाडीतून उतरण्याचं वर्णन देशातल्या जवळजवळ प्रत्येक नॅरोगेजबद्दल सांगितलं जातं आणि ऐकणारे हसून सोडून देतात. पण तो संथपणा म्हणजे इंजिनाचं दुबळेपण नव्हे, हे नोंदवून ठेवायला हवं. हलके रूळ, अरुंद पाया, तीव्र वळणं हे सगळं स्वस्तात रेल्वे देण्यासाठी पत्करलेलं होतं. वेग मागितला असता तर रेल्वेच आली नसती. सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला या गावांना १९२७ साली रेल्वे मिळाली, ती या तडजोडीमुळे.

मार्ग वाढत गेला तो टप्प्याटप्प्याने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गाडी पंढरपूरला पोचली. दुसऱ्या बाजूने १९११ मध्ये लातूर, जे तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. शेवटी पंढरपूर ते मिरज. १९२७ मध्ये हा तुकडा पुरा झाला आणि लातूरपासून मिरजेपर्यंत २०२ मैलांची, सुमारे ३२५ किलोमीटरची एकसंध नॅरोगेज तयार झाली. ब्रिटिश मुलूख, निजामी मुलूख आणि छोटी संस्थानं, सगळ्यांतून जाणारी. याच वर्षी मार्चमध्ये कॅल्थ्रॉप वारला.

मधल्या काळात त्याने बार्शीचं गणित जगभर मांडलं होतं. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगरदऱ्यांत लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, तिचा इंजिनिअर तोच. तिच्यासाठी किट्सनने दोन-सहा-चार रचनेची दोन इंजिनं बांधली, एकाला ‘ई. आर. कॅल्थ्रॉप’ आणि दुसऱ्याला ‘जे. बी. अर्ल’ अशी नावं होती. ब्रिटनमध्ये या रचनेची टाकीवाली इंजिनं याआधी धावली नव्हती. कपाळावर भलामोठा दिवा लावलेली ती इंजिनं तिथल्या लोकांना वसाहतींतून आल्यासारखी वाटत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांचं कूळ सोलापूर जिल्ह्यातलं होतं. इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली असं आपण सहज म्हणतो. इथे मात्र प्रयोग बार्शीत झाला आणि त्याचा धडा घेऊन इंग्लंडमधली रेल्वे बांधली गेली. या क्रमाकडे पुरेसं लक्ष दिलं गेलेलं नाही.

ती रेल्वे फार टिकली नाही. १९३४ मध्ये बंद पडली, दोन्ही इंजिनं मोडीत गेली, आणि रूळ उखडलेल्या वाटेवर १९३७ पासून लोक पायी फिरायला जातात. कॅल्थ्रॉपचं लक्ष त्याआधीच विमानांकडे गेलं होतं. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, मोटारींच्या रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान अपघातात मरण पावला, आणि त्यानंतर वैमानिकांचा जीव वाचवणारी हवाई छत्री बनवण्यामागे तो लागला. त्या छत्रीचं नाव ‘गार्डियन एंजल’. आसावरचं ओझं हलकं करायला निघालेला माणूस शेवटी माणसाला हवेत तरंगवण्यापर्यंत गेला.

ढालगाव मागे पडलं. इथे एके काळी कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. आता द्राक्षाच्या बागा आहेत, बेदाण्याच्या शेड आहेत, पुढे सांगोल्याकडे डाळिंब. म्हैसाळ योजनेतून उपसलेलं कृष्णेचं पाणी या पूर्व भागाकडे येऊ लागलं त्याचा हा परिणाम. उसाच्या पट्ट्यातून आलेल्या माणसाला ही माती अजून कोरडीच वाटते, पण पाणी आल्याच्या खुणा मोजता येतात.

याच मार्गाने पाणी आणखी दूर गेलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला प्यायला पाणी उरलं नव्हतं. तेव्हा मिरजेतून कृष्णेचं पाणी रेल्वेने पाठवायचं ठरलं. टाक्यांचे डबे राजस्थानात कोट्याला धुऊन स्वच्छ केले, मिरजेला आणले. पाणी भरण्याच्या कामात स्थानकाजवळची जुनी हैदरखान विहीर उपयोगी पडली. एप्रिलमध्ये दहा टाक्यांची पहिली ‘जलदूत’ सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. पुढे पन्नास टाक्यांची, पंचवीस लाख लिटरची गाडी जाऊ लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर: बार्शी लाईटची दोन टोकं आणि मधला मार्गही बहुतेक तोच.

बार्शी लाईटच्या रुळांवरून ही गाडी गेली नसती. एका टाकीत पन्नास टन पाणी. कॅल्थ्रॉपच्या नियमात चार आसांच्या डब्याचं मालासकट सगळं वजन वीस टन. पण ब्रॉडगेज टाकायला तयार मार्ग मिळाला, स्थानकं मिळाली, मिरज आणि लातूर एका रेषेत आधीच जोडलेली मिळाली, ती त्या हलक्या रेल्वेमुळे. मार्ग आखण्याचं काम एकदा झालं की त्यावर पुढच्या पिढ्या जड गाड्या चालवू शकतात. लातूरच्या लोकांना त्या उन्हाळ्यात हंडाभर पाणी मिळालं, त्यामागे १९११ आणि १९२७ चे ते पातळ रूळही होते.

पंढरपूरला गाडी बरीच रिकामी झाली. आजी उतरल्या. आषाढीच्या आठवड्यात या फलाटावर उभं राहायला जागा नसते. बार्शी लाईटच्या काळातही नसे. माल हा या रेल्वेचा पाया होता खरा, पण मराठवाड्यातून आणि सांगली-कोल्हापूरकडून येणारे वारकरी हा तिचा जीव होता. पायी वारी करणाऱ्याला परतीची वाट तरी गाडीने करता यावी, इतकं तिने नक्की केलं. लातूरच्या बाजूच्या म्हाताऱ्या माणसाला विठ्ठलाचं दर्शन तिने एका दिवसाच्या प्रवासात आणून ठेवलं.

‘ए’ वर्गाच्या पाच इंजिनांवर एवढा मोठा मार्ग चालणं शक्यच नव्हतं. वाढत्या मार्गाबरोबर नवे वर्ग आले. त्यांतला ‘एफ’ हा दोन-आठ-दोन रचनेचा, टेंडरवाला. ही इंजिनं मँचेस्टरजवळच्या नॅस्मिथ विल्सन आणि स्टॅफर्डच्या बॅग्नॉल या कारखान्यांतून आली. आठ जोडलेली चाकं मात्र इथेही कायम. छायाचित्रांत जी बार्शी लाईट आज पाहायला मिळते, ती बहुतेक याच इंजिनांची: उंच चिमणी, लांबट बॉयलर, आणि मागे डब्यांच्या दारात लोंबकळणारे लोक. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, मार्ग मध्य रेल्वेत आला. नंतर डिझेल इंजिनं आली. फायरमनचं फावडं आणि बॉयलरची धग गेली, रूळ तेच राहिले. एसटी गावोगाव पोचल्यावर या गाडीचा वेग लोकांना खुपू लागला. रूळ बदलण्याचं काम या शतकाच्या पहिल्या दशकात तुकड्यातुकड्याने झालं: आधी कुर्डुवाडी-पंढरपूर, मग २००८ पर्यंत लातूरची बाजू, शेवटी मिरज-पंढरपूर. सर्वांत शेवटी जोडलेला तुकडाच सर्वांत शेवटी गेला.

किट्सनचा कारखाना १९३८ मध्येच बंद झाला होता. लीड्समधून भारतात, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत इंजिनं पाठवणाऱ्या त्या कंपनीच्या ग्राहकांत बार्शी लाईट अगदी छोटी. पण आठ चाकांची ती पाच इंजिनं नसती तर कॅल्थ्रॉपचं गणित कागदावरच राहिलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

कुर्डुवाडीला उतरलो तेव्हा मुंबईकडे जाणारी गाडी फलाटावर उभी होती. जंक्शन गजबजलेलं. चहा, वडे, पिशव्या, धावपळ. बार्शी रोड या नावाच्या स्थानकावर बैलगाड्या उभ्या असत, त्या जागी आता रिक्षा. गावाची ओळख अजूनही रेल्वेचीच, आणि त्याचं कारण स्थानकाजवळच आहे: नॅरोगेजचा कारखाना. बार्शी लाईटच्या इंजिना-डब्यांच्या दुरुस्तीसाठी इथे हा कारखाना चालत आला. रुंदीकरणानंतर या भागात अडीच फुटी रूळच उरले नाहीत, तरी तो बंद पडला नाही. माथेरानच्या गाडीचे डबे दुरुस्तीसाठी इथे येतात, तिचे नवे डबेही इथे बांधले गेले आहेत. माथेरानच्या रुळांची रुंदी दोन फूट. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०७ मध्ये सुरू केलेल्या त्या रेल्वेच्या इंजिनांसाठी सल्लागार नेमला होता तो एव्हरार्ड कॅल्थ्रॉपच. बार्शीची गाडी गेली, पण तिच्या कारखान्यातले कारागीर अजून त्याच माणसाच्या दुसऱ्या रेल्वेची चाकं नीट करत आहेत, आणि ती गाडी नेरळहून डोंगर चढते आहे.